डाकोटा पाडली का गेली नाही? जुन्या नाशकातल्या वाडेवाल्यांसाठी एक प्रकरण

दरवर्षी मे संपत आला की जुन्या नाशकात पालिकेच्या नोटिसा लागायला लागतात, वाडा धोकादायक आहे, रिकामा करा, आणि मग जुलै-ऑगस्टमधे एखाद्या रात्री भद्रकाली नाहीतर पंचवटीकडे कुठेतरी भिंत बसते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, चार दिवस सगळे हळहळतात आणि मग त्या जागेला पत्रे ठोकले जातात. आणि प्रत्येक वेळी लोक एकच वाक्य लिहितात, की आपल्या लोकांना वारशाची किंमतच नाही. मला हे अजिबात पटत नाही. कडीपाटाखाली, म्हणजे वाड्याच्या लाकडी तुळया-फळ्यांच्या छताखाली, झोपून मोठी झालेली माणसं आहेत ही, वाडा म्हणजे काय हे त्यांना बाहेरच्या कुणी शिकवायची गरज नाही. अडतंय ते दुसरीकडे, कागदावर अडतंय, आणि ते नेमकं कुठे अडतं हे समजून घ्यायला मला सगळ्यात उपयोगी पडलं ते न्यूयॉर्कमधल्या एका बिल्डिंगचं प्रकरण. डाकोटा नावाची श्रीमंतांची अपार्टमेंट बिल्डिंग. आपल्याकडे बहुतेकांना ती एवढ्यासाठीच माहीत असते की ८ डिसेंबर १९८० ला बीटल्सवाला गायक जॉन लेनन तिच्या दारात मारला गेला. ते बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते १९६०-६१ बद्दल, जेव्हा ही बिल्डिंग विकायला निघाली आणि आता ती पडणार अशी धास्ती राहणाऱ्यांना लागली.

पण त्याआधी बिल्डिंग काय चीज आहे ते नीट बघावं लागेल, कारण ती वाचली त्यात तिच्या प्लॅनचाही मोठा वाटा आहे.

शिवणयंत्रवाल्याची बिल्डिंग

बांधणारा एडवर्ड क्लार्क, सिंगर शिवणयंत्र कंपनीचा प्रमुख. सिंगरचं मशीन आपल्याकडे कुठल्या आजीच्या घरात नव्हतं सांगा. हा क्लार्क मुळात वकील, आणि लोकांना महागडं मशीन हप्त्यावर द्यायची पद्धत त्याने १८५६ च्या सुमाराला काढली, म्हणजे माणसाकडे एकरकमी पैसे नसले तरी त्याला वस्तूचा मालक कसं करायचं हे त्याला बरोबर कळत होतं. १८७७ मधे त्याने सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला बाहत्तराव्या रस्त्यावर जमीन घेतली. तेव्हा तो भाग म्हणजे ओसाड, शहर सगळं खाली दक्षिणेला, आपल्याकडे एकेकाळी गंगापूर रोडला पुढे नुसत्या द्राक्षबागा होत्या ना तसंच काहीसं, पण १८७९ ला तिथून जवळून उन्नत रेल्वे सुरू झाली आणि क्लार्कने ओळखलं की शहर इकडेच सरकणार.

आर्किटेक्ट घेतला हेन्री हार्डनबर्ग. १८८० च्या ऑक्टोबरमधे काम सुरू झालं, १८८४ च्या ऑक्टोबरमधे संपलं, खर्च साधारण दहा लाख डॉलर, त्या काळातले. क्लार्क स्वतः मधेच १८८२ मधे वारला, बिल्डिंग बघायला राहिला नाही, आणि मृत्युपत्रात ती बारा वर्षांच्या नातवाच्या नावावर केली. हे लक्षात ठेवा, एकाच्या नावावर. पुढे कामाला येणार आहे.

त्या वेळच्या न्यूयॉर्कमधे श्रीमंत माणूस म्हटला की त्याचं स्वतंत्र घर असायचं, एका छपराखाली चार अनोळखी कुटुंबं म्हणजे गरिबांची चाळ अशी पक्की समजूत. अपार्टमेंटची एक-दोन उदाहरणं होती, १८७० च्या सुमाराचं स्टायव्हसंट म्हणून एक, पण बडी माणसं नाक मुरडायची. मग क्लार्क-हार्डनबर्गसमोर प्रश्न असा होता की शेजारी अनोळखी माणूस राहतो हे कळूच नये अशी सामाईक इमारत कशी बांधायची. आणि याचं उत्तर त्यांनी जे दिलं ते बघितल्यावर वाडा बघितलेल्या माणसाला ओळखीचं वाटतं.

साधारण दोनशे फूट बाय दोनशे फुटांची चौकोनी इमारत आणि मधे मोकळा चौक. रस्त्यावरून आत यायला एकच मोठी कमान, इतकी उंच की घोडागाडी सरळ आत येईल, माणसं पावसापाण्यात चौकातच उतरणार. दारावर पहारा. म्हणजे आपली देवडी आणि दिंडी दरवाजाच झाला की. रस्त्याकडून भिंतीसमोर खोल कोरडा खंदक आणि लोखंडी कठडा, जेणेकरून तळमजल्याच्या खिडकीत रस्त्यावरचा माणूस डोकावू शकत नाही आणि तळघरालाही उजेड मिळतो.

वाड्यापेक्षा वेगळं काय, तर जिने. वाड्यात चौक एका घराण्याचा, जिना एक किंवा दोन, त्यावरून सगळे वर-खाली. डाकोटात चौकाच्या चारही कोपऱ्यांत चार वेगळी दारं, प्रत्येक दारामागे स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र लिफ्ट, ओटिस कंपनीची पाण्याच्या दाबावर चालणारी, आणि शिवाय नोकरमाणसं आणि सामानासाठी चार वेगळ्या लिफ्ट. सुरुवातीला घरं होती पासष्ट. चार कोपऱ्यांत वाटून टाका, मग मजल्यांत वाटा, एका लिफ्टला एका मजल्यावर दोन-तीनच घरं लागतात. म्हणजे तुम्ही पासष्ट कुटुंबांबरोबर राहताय पण जिन्यात तोंड दिसतं ते एखाद-दुसऱ्याचंच. एवढं साधं आहे हे, पण माझ्या मते अख्ख्या बिल्डिंगची सगळ्यात हुशार गोष्ट हीच, नक्षी-बिक्षी नंतर.

घरं चार खोल्यांपासून वीस खोल्यांपर्यंत, एकासारखं दुसरं नाही. बैठकीच्या खोल्या रस्त्याकडे आणि पार्ककडे, स्वयंपाकघर आणि मागच्या खोल्या चौकाकडे, त्यामुळे हवा आरपार. छत चौदा फूट. मोठ्या घरातला दिवाणखाना तर एकोणपन्नास फूट लांब. भिंती खाली दोन फुटांच्या वर जाड, मजल्यामजल्यात लोखंडी तुळया, त्यात विटांच्या कमानी आणि वर भरपूर भराव, म्हणून आग एका घरातून दुसऱ्यात सहज जात नाही आणि वरच्या घरात कुणी खुर्ची सरकवली तरी खाली कळत नाही. बाहेरून पिवळसर वीट, त्यात दगड आणि टेराकोटा, वर उतरती छपरं, त्रिकोणी गेबल, छोट्या खिडक्या, जर्मन रेनेसान्सची छाप. प्रत्येक घरात स्वयंपाकघर होतं तरी तळमजल्याला मोठं भोजनघर, तिथून हव्या त्या घरात छोट्या सामान-लिफ्टने ताट वर पाठवायची सोय. वीज स्वतःची, बिल्डिंगचा आपला पॉवर प्लांट, तो पलीकडे त्र्याहत्तराव्या रस्त्यावर क्लार्कनेच बांधलेल्या ओळीतल्या घरांनाही वीज द्यायचा. वरच्या मजल्यांवर नोकरांच्या खोल्या, धुण्याच्या आणि कपडे वाळत घालायच्या जागा, मुलांसाठी जिम. आणि बिल्डिंगच्या मागे एक मोकळा प्लॉट, त्यात टेनिस आणि क्रोकेची हिरवळ.

तो मागचा प्लॉट. या प्रकरणातला खरा नायक तोच आहे, पण येऊ तिथे.

उघडायच्या आधीच सगळी घरं भाड्याने गेली. लक्षात घ्या, भाड्याने. मालकी कुणालाच नाही. क्लार्क कुटुंब मालक, बाकी सगळे भाडेकरू, कितीही श्रीमंत असोत.

१९६०: मालक गेला

पुढची पंचाहत्तर वर्षं बिल्डिंग क्लार्क कुटुंबाकडेच. नातू एडवर्ड १९३३ ला वारला, मग त्याचा भाऊ स्टीफन मालक झाला. हे लोक डाकोटातून फायदा काढायच्या मागे नव्हते. भाडं फार वाढवत नव्हते, माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, सोडून जायचं प्रमाण अगदी कमी. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपल्याकडेही जुना मालक असतो, तो भाडेकरूला घरचाच मानतो, भाडं नाममात्र, सणाला ताट जातं-येतं, आणि दोन्ही बाजूंना वाटतं की हे असंच चालणार. कागद कुणी करत नाही कारण कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

१९६० च्या सप्टेंबरमधे स्टीफन क्लार्क गेला. आणि क्लार्क कुटुंबाकडून डाकोटा विक्रीला निघाली.

आता त्या वेळचं न्यूयॉर्क डोळ्यासमोर आणा. युद्ध संपून पंधरा वर्षं झालेली, पार्कभोवतीच्या जमिनीला सोन्याचा भाव, जुनं पाडून सपाट चेहऱ्याचे उंच टॉवर उभे राहतायत. त्यात ही आठ-नऊ मजल्यांची अवाढव्य इमारत, चौदा फुटी छतं, म्हणजे तेवढ्याच उंचीत आजचा बिल्डर किती जास्त मजले बसवेल याचा हिशोब कुणीही करू शकतो, मधे चौक म्हणजे त्याच्या दृष्टीने वाया गेलेली जागा, भाडं कमी, आणि मागे टेनिसच्या हिरवळीचा आता पार्किंगचा प्लॉट झालेला. कायद्याचं संरक्षण? शून्य. न्यूयॉर्कचा लँडमार्क कायदा, म्हणजे महत्त्वाच्या जुन्या इमारती पाडण्यापासून वाचवणारा, आला १९६५ ला, तोही पेन स्टेशनसारखं प्रचंड स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतल्यावर शहर हादरलं म्हणून. १९६० ला कुणीही मालक उठून डाकोटा पाडू शकत होता, त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

आणि सौंदर्याने बिल्डिंग वाचते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. याच हार्डनबर्गने पुढे वॉल्डॉर्फ आणि अ‍ॅस्टोरिया ही दोन हॉटेलं बांधली, १८९३ आणि १८९७, जगभर गाजलेली, डाकोटापेक्षा जास्तच झगमगाटाची. ती १९२९ ला पाडायला घेतली आणि त्या जागेवर एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली. आर्किटेक्ट तोच, शहर तेच, हात तोच. एक पडली, एक राहिली. मग फरक कशाने पडला?

सौदा कसा झाला

डाकोटा आणि मागचा प्लॉट मिळून घेतला लुई ग्लिकमन नावाच्या डेव्हलपरने. राहणारे एकत्र आले. त्यात नाटक-सिनेमातली, संगीतातली, पैशाची आणि ओळखीची माणसं बरीच होती हे खरं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण नुसत्या ओळखीवर झालं नाही. सौद्याची रचना अशी झाली की बिल्डिंग राहणाऱ्यांनी घ्यायची आणि मागचा रिकामा प्लॉट डेव्हलपरकडे राहणार. डेव्हलपरला बांधायला जागा हवी होती, ती रिकामीच पडलेली होती, तिच्यासाठी कुणाचं घर पाडायची गरजच नव्हती. त्या प्लॉटवर पुढे मेफेअर टॉवर्स नावाचा उंच टॉवर आला. हिरवळ गेली, मागची हवा-उजेड काही प्रमाणात गेला, पण डाकोटा राहिली.

मला या सौद्यात जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की डेव्हलपरला कुणी राक्षस ठरवून हाकललं नाही. त्याचा फायदा शेजारच्या जागेत बसवला. आपल्याकडे वाड्याची चर्चा सुरू झाली की दोनच बाजू असतात, एकतर पाडा नाहीतर हात लावू नका, आणि दोन्ही बाजू बरोबर असल्यासारख्या भांडतात आणि तोवर पावसाळा येतो.

मग १९६१ मधे डाकोटा को-ऑप झाली. म्हणजे आपल्या भाषेत सोसायटी. इथे थोडं सावकाश जाऊ, कारण आपल्याला हे माहिती आहे असं वाटतं पण पूर्ण तसंच नाहीये.

को-ऑपमधे बिल्डिंगची मालक एक संस्था असते, तुम्ही त्या संस्थेचे शेअर घेता, आणि शेअर आहेत म्हणून तुम्हाला तुमच्या घरात राहायचा कायमचा करार मिळतो. फ्लॅट तुमच्या नावावर नसतो, शेअर असतात. आपल्याकडे हीच कल्पना जुन्या टेनंट को-पार्टनरशिप सोसायट्यांत आहे, आणि ती काही आपण अमेरिकेकडून घेतलेली नाही, मुंबईत गावदेवीला सारस्वत सोसायटी १९१५ ची, डाकोटा को-ऑप व्हायच्या सेहेचाळीस वर्षं आधीची. फरक दोन आहेत. आपल्या जुन्या सोसायटीत मोठं घर असो की छोटं, पन्नास रुपयांचे पाच शेअर आणि एक सभासद एक मत. न्यूयॉर्कच्या को-ऑपमधे शेअर घराच्या आकाराप्रमाणे आणि जागेप्रमाणे कमी-जास्त, मतही शेअरच्या प्रमाणात, महिन्याचा मेंटेनन्सही त्याच प्रमाणात. दुसरा फरक असा की तिथली कमिटी नवीन घेणाऱ्याची पूर्ण चौकशी करते, त्याची मिळकत बघते आणि नको असेल तर सरळ नाही म्हणते. डाकोटाची कमिटी यासाठी प्रसिद्धच आहे, भल्याभल्या नावाजलेल्या लोकांना तिने नकार दिलाय. आपल्याला हे उद्धट वाटेल, मलाही पूर्ण आवडत नाही, पण शंभर वर्षांच्या छपराचा खर्च सगळ्यांनी मिळून काढायचा असेल तर आत येणारा पैसे देऊ शकतो का हे बघण्यात काही चूक नाही.

ज्यांना परवडलं त्यांनी शेअर घेतले. अभिनेत्री लॉरेन बाकॉलने १९६१ मधेच तिथे घर घेतलं आणि २०१४ ला वारली तेव्हाही ती तिथेच राहत होती. वरच्या नोकरांच्या खोल्यांची हळूहळू घरं झाली, तळमजल्याचं भोजनघर बंद होऊन त्याचंही घर झालं, मोठी घरं काही तोडली, काही जोडली. शुद्धतावादी माणसाला हे टोचेल. पण वापर बदलला म्हणूनच इमारत टिकली, भोजनघर भोजनघरच ठेवायचं म्हटलं असतं तर त्याचा खर्च कुणी केला असता?

आणि आता तारखा बघा. मालकी राहणाऱ्यांकडे आली १९६१. शहराने लँडमार्क जाहीर केलं १९६९. राष्ट्रीय यादीत नाव १९७२, राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक १९७६. म्हणजे आधी घर कुणाचं ते ठरलं आणि मग आठ वर्षांनी हेरिटेजचा बोर्ड लागला. आपण नेमकं उलट करतो. आधी हेरिटेज जाहीर करा म्हणून निवेदन देतो आणि घर कुणाचं हा प्रश्न मालकाच्या मरणावर सोडतो.

आता नाशकात

पेशव्यांच्या काळातला सरकारवाडा सराफ बाजारात उभा आहे, गोदेला पूर आला की पाणी सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं हे आपण आजही विचारतो, २ ऑगस्ट २०१६ ला तर अख्खा सराफ बाजार पाण्यात होता. तो वाडा उभा आहे कारण त्याचा मालक एक आहे, सरकार, आणि तो राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याच्या आजूबाजूचे, रविवार कारंजा, तिवंधा, मेनरोडच्या मागच्या गल्ल्या, तिथले खाजगी वाडे एकामागे एक गेले. लाकूड तेच सागवान, जोतं तेच काळ्या दगडाचं, वीट-चुना तोच. मग फरक कशाचा? प्रॉपर्टी कार्डवर पणजोबाचं नाव, त्याखाली वारसांची नोंदच नाही किंवा वीस-पंचवीस नावं, त्यातली अर्धी पुण्या-मुंबईला, दोन अमेरिकेत, एक काका तीस वर्षं कुणाशी बोलत नाहीत. खाली तीन भाडेकरू, भाडं इतकं कमी की घ्यायला कुणी जात नाही आणि कोर्टात भरलं जातं. छप्पर गळलं तर कौलं कुणी बदलायची? मालक म्हणतो भाडं येत नाही मी का करू, भाडेकरू म्हणतो घर माझं नाही मी का करू. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीयेत. आणि कडीपाटात पाणी मुरत राहतं, तुळईचं भिंतीतलं टोक सडतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एक दिवस खण, म्हणजे दोन तुळयांमधला भाग, खाली येतो.

एका वाड्याच्या बैठकीत मी होतो, वाड्याचं नाव नको. सगळे भाऊ-चुलत भाऊ जमलेले, डेव्हलपरने किती टक्के द्यावे यावर बोलणं चाललेलं. ओसरीवर बसलेल्या एक काकू, भाडेकरूंपैकी, त्यांचं लग्न होऊन त्या याच वाड्यात आलेल्या, त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, टक्के मग ठरवा, आधी मला सांगा माझ्या खोलीचं मी काय समजू?" कुणाकडे उत्तर नव्हतं. डाकोटातल्या भाडेकरूंनाही १९६० च्या हिवाळ्यात हाच प्रश्न होता, फक्त त्यांची खोली एकोणपन्नास फुटांची होती. त्यांना उत्तर मिळालं कारण विकणारा एक होता आणि घेणारे एकत्र आले. आपल्याकडे विकणारेच वीस आहेत आणि घेणारे एकमेकांवर केस करून बसलेत.

दुसरी अडचण बांधणीची, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी जरा लांब बोलतो. डाकोटा को-ऑप होऊ शकली कारण पासष्टच्या पासष्ट घरं पहिल्या दिवसापासून स्वयंपूर्ण होती, स्वतःचं दार, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं संडास-बाथरूम. कागदावर वाटणी केली तरी भिंतीत काही बदलावं लागलं नाही. वाड्याचं तसं नाही. वाडा एका कुटुंबासाठी बांधलेला, मग वाटण्या झाल्या खणांच्या हिशोबाने, मोठ्याला पुढचे चार खण आणि माडी, मधल्याला माजघर, धाकट्याला मागचं न्हाणीघर आणि परसू. जिना एकाच्या हिश्श्यात, संडास दुसऱ्याच्या, पाण्याचा नळ चौकात सगळ्यांचा. अशा वाड्याची सोसायटी करा म्हटलं तर पहिल्या महिन्यात जिन्यावरून भांडण होणार. म्हणून मालकीचं काम आणि प्लॅनचं काम बरोबरच करावं लागतं. चौकाच्या कोपऱ्यात दुसरा जिना काढता येतो का, मोऱ्या-संडास एका उभ्या ओळीत, जुन्या भिंतीला न टेकवता, चौकाच्या एका बाजूला नवीन बांधकामात घेता येतात का, म्हणजे पाणी लाकडापासून लांब राहील आणि प्रत्येक हिस्सा पूर्ण घर होईल. हार्डनबर्गने चार कोपऱ्यांत जे केलं ते दोन कोपऱ्यांत केलं तरी कितीतरी वाडे राहण्यासारखे होतील. जुन्या कामाची माहिती असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि जुना सुतार, दोघंही बरोबर हवेत, नुसत्या सिमेंटच्या माणसाला कडीपाट दाखवला तर तो स्लॅब टाका एवढंच सांगणार, आणि चुन्याच्या मऊ भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच अडकते, भिंत फुगते, मग म्हणणार बघा जुनं टिकत नाही.

तिसरं, तो मागचा प्लॉट. जुन्या नाशकात वाड्याच्या मागे टेनिस कोर्ट कुठून आणणार, भिंतीला भिंत लागून वाडे आहेत. पण कल्पना तीच वापरता येते, बांधायचा हक्क तिथून उचलून दुसरीकडे न्यायचा. न्यूयॉर्कने लँडमार्क इमारतीवरचा न वापरलेला हक्क शेजारच्या प्लॉटवर न्यायची सोय केली, आणि ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या प्रकरणात १९७८ ला सुप्रीम कोर्टाने लँडमार्क कायदा उचलून धरला तेव्हा या सोयीचाही विचार केला. आपल्याकडे २०२० च्या युनिफाइड डीसीपीआरमधे, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, हेरिटेज वास्तूवर जो एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) वापरता येत नाही त्याचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे नेता-विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळायची तरतूद आहे. म्हणजे सराफ बाजारातला वाडा तसाच ठेवून त्याचा हक्क पाथर्डी फाट्याकडे विकता येऊ शकतो आणि त्या पैशातून वाड्याची दुरुस्ती. पण त्यासाठी वास्तू यादीत असावी लागते आणि अर्जावर सही करणारा मालक ठरलेला असावा लागतो. पुन्हा तिथेच आलो.

कुणी म्हणेल डाकोटावाले करोडपती, त्यांच्याशी आपली काय तुलना. पैशाचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळत नाही. ज्या भाडेकरूकडे शेअर घ्यायला पैसे नाहीत त्याचं काय करायचं याचं उत्तर डाकोटाच्या प्रकरणातून मिळत नाही, तिथल्या माणसांना तो प्रश्न आपल्याइतका टोकाचा नव्हताच. आपल्याकडे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूला संरक्षण देतो पण दुरुस्तीचा पैसा निर्माण करत नाही. मला स्वतःला वाटतं की क्लार्कची हप्त्याची युक्ती इथे लागू पडते, भाडेकरूने त्याची खोली दहा-पंधरा वर्षांत हप्त्याने घ्यावी, हप्ता दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जावा, मालकांच्या खिशात नाही. असा करार दोन्ही बाजूंच्या वकिलांनी बसून केला तर होण्यासारखा आहे. करोडपती नसलेल्या माणसांनीच मुंबईत शंभर वर्षांपूर्वी सोसायट्या काढल्या होत्या.

हे फक्त वाड्यांपुरतं आहे असंही नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडला ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सोसायट्या आता रिडेव्हलपमेंटला निघाल्यात, सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांच्या ५१ टक्के संमतीवर ठराव होतो, आणि कित्येक ठिकाणी कन्व्हेयन्सच झालेला नसतो, जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर. तिथेही पहिला कागद तोच.

२०२७ च्या सिंहस्थामुळे गोदाकाठी रस्ते, घाट सगळ्याला हात लागतोय, गावठाणात क्लस्टरची, म्हणजे अनेक जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास करायची, चर्चाही वर्षानुवर्षं चालूच आहे, त्यामुळे डेव्हलपर वाड्यांच्या दारात येणार हे नक्की. ज्यांचा वाडा अजून उभा आहे त्यांनी या पावसाळ्याआधी सिटी सर्वे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढा, वारस नोंदी लावून घ्या, ज्यांना हिस्सा नकोय त्यांचं हक्कसोड पत्र रजिस्टर करा, परदेशातल्यांकडून कुलमुखत्यारपत्र मागवा, आणि प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यात नेमके किती खण आहेत त्याचा नकाशा करून त्यावर त्याची आणि तुमची दोघांची सही घ्या. डेव्हलपर, हेरिटेजचा अर्ज, टीडीआर, हे सगळं त्यानंतर. आणि कौलं मात्र कुणाचीही वाट न बघता आत्ताच फिरवून घ्या, वर्गणी काढून, मालक-भाडेकरू सगळ्यांनी मिळून, कारण कागद व्हायला दोन वर्षं लागली तरी तुळईला तेवढा वेळ मिळायला हवा.